सरकारकडे अडकलेले पैसे : तंजावरची राणी, भंडाऱ्याची बिडी आणि पाच लाखांचं कार्ड

भंडाऱ्याच्या एका खासदाराची निवडणूक १९५४ साली बिडीमुळे रद्द झाली. बिडी ओढल्यामुळे नव्हे, सरकारला विकल्यामुळे. आज नागपूरच्या एखाद्या खासगी रुग्णालयात पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर ‘योजनेत’ अँजिओप्लास्टी होते, तिचा या बिडीशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर समोरच्याने माल दिला किंवा काम केलं, आणि मग पैसे थकले, तर ते मागायचे कुणी, कुठे आणि कशाच्या जोरावर?

सावकाराने पैसे बुडवले तर कोर्ट आहे. शेजाऱ्याने बुडवले तरी कोर्ट आहे. पण कोर्टच ज्याच्या राज्यात चालतं, त्या सरकारने बुडवले तर? याचं उत्तर मिळायला आपल्याकडे शंभरेक वर्षं गेली. आणि रुग्णापुरतं बोलायचं तर ते अजून पुरतं मिळालेलं नाही.

आठ विरुद्ध एक

आधी एक लांबची गोष्ट, कारण ती या प्रश्नाचं सगळ्यात मोठं अलीकडचं उदाहरण आहे. २७ एप्रिल २०२० रोजी, कोविडने सगळं जग घरात बसलेलं असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य विमा कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम होती सुमारे १२ अब्ज डॉलर.

झालं होतं असं. ओबामांच्या काळात २०१० साली आरोग्य विम्याचा मोठा कायदा झाला. ज्यांना पूर्वी कुणी विमा देत नव्हतं, अशा आजारी माणसांनाही आता विमा द्यायचा होता. अशांचा खर्च किती येईल, हे कंपन्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून कायद्यात सोय केली गेली : २०१४ ते २०१६ ही तीन वर्षं ज्या कंपन्यांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नफा होईल त्यांनी सरकारकडे भरणा करायचा, आणि ज्यांना जास्त तोटा होईल त्यांना सरकार भरपाई देईल. कंपन्या या शब्दावर बाजारात उतरल्या. तोटा होणाऱ्या कंपन्या फार निघाल्या, नफ्यातल्या फार कमी. दरम्यान संसदेत बहुमत बदललं, आणि या भरपाईसाठी इतर निधीतून पैसे वळवायचे नाहीत, अशी अट दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात घातली गेली. पहिल्या वर्षी कंपन्यांच्या हातात डॉलरमागे जेमतेम साडेबारा सेंट पडले. नव्याने उभ्या राहिलेल्या कित्येक छोट्या सहकारी विमा संस्था बुडाल्या.

मेन, ओरेगन, इलिनॉय अशा राज्यांतल्या कंपन्यांनी दावे लावले. सरकारचा बचाव होता : कायद्यात ‘देऊ’ म्हटलंय खरं, पण तिजोरीतून पैसे मंजूर झालेले नाहीत. आठ विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती सोटोमायॉर यांच्या निकालाचा सारांश साधा आहे : कायद्याने देणं ठरलं की ते देणं आहे, पैसे मंजूर केले नाहीत म्हणून ते नाहीसं होत नाही.

आपल्याकडे बातम्या वेगळ्या असतात. ‘योजनेची बिलं थकली, रुग्णालयांचा इशारा’ हा मथळा ओळखीचा आहे. विमा कंपनीने सरकारला कोर्टात खेचल्याचा मथळा मात्र ओळखीचा नाही. तसं का, हे समजायला मागे जावं लागतं.

राणी हरली, घोडा जिंकला

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. मुलगा नव्हता. डलहौसीने राज्य खालसा केलं. राज्य गेलं ते गेलंच. वाड्यातले हत्ती, घोडे, जवाहीर यांचाही लिलाव झाला. घराण्याची खासगी मालमत्ता आणि राज्याची मालमत्ता यात फरक आहे, हे ऐकायला कुणी तयार नव्हतं.

दोन वर्षांनी तेच तंजावरला झालं. तिथले मराठा राजे शिवाजी १८५५ मध्ये वारले, कंपनीने राज्यासोबत खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. पण त्यांच्या ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला, आणि जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. तिथे १८५९ मध्ये निकाल उलटला. सत्ताधीशाने सत्ताधीश म्हणून केलेली ही कृती आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, हे तपासण्याचा अधिकारच कोर्टाला नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं. राणीचं म्हणणं खोटं ठरलं नाही. ते ऐकायची जागाच नाही, असं ठरलं.

याच सुमारास कलकत्त्याला एक घोडा बिथरला. किदरपूरच्या सरकारी गोदीत मजूर जहाजाचा एक जड लोखंडी भाग रस्त्यातून नेत होते. समोरून पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी आली. मजुरांनी घाबरून लोखंड खाली टाकलं, आवाजाने घोडा उधळला आणि जखमी झाला. कंपनीने सरकारकडे नुकसानभरपाई मागितली : ३५० रुपये.

१८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी दिलेला त्यावरचा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. त्यांनी सरकारचे दोन चेहरे वेगळे केले. लढाई, तह, राज्य घेणं ही राजाची कामं. पण गोदी चालवणं, जहाजं दुरुस्त करणं हे कुणीही व्यापारी करू शकतो. सरकार व्यापाऱ्यासारखं वागत असेल, तर त्याच्यावर व्यापाऱ्यासारखाच दावा लागू शकतो. घोड्याच्या मालकाला पैसे मिळाले.

हे सूत्र १८५८, १९३५ अशा कायद्यांतून वाहत आपल्या राज्यघटनेच्या कलम ३०० मध्ये आलं. सरकारवर दावा लावता येतो, हे पक्कं झालं. मात्र दारात पायऱ्या ठेवल्या गेल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची. मग खटला. आणि जिंकलात तरी कलम ८२ प्रमाणे हुकूमनाम्यानंतर तीन महिने वाट पाहायची; तोवर वसुलीची कारवाई करता येत नाही. ज्याच्याकडे वकील आहे आणि तग धरायला पैसा आहे, त्याच्यासाठी या पायऱ्या आहेत. बाकीच्यांसाठी ती भिंतच आहे.

भंडाऱ्याची बिडी

आता आपण विदर्भात परत येऊ. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी बनवणाऱ्या पेढीचे भागीदार होते. ही पेढी सैन्याच्या कँटीन स्टोअर्सला बिड्या पुरवायची. सरकारशी मालाचं कंत्राट असलेल्या माणसाला निवडणूक लढवता येत नव्हती. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली.

जसानींच्या बाजूने एक चतुर युक्तिवाद झाला. घटनेचं कलम २९९ सांगतं की केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने, ठरलेल्या नमुन्यात, अधिकृत माणसाच्या सहीने व्हायला हवा. बिड्यांची खरेदी तर साध्या पत्रव्यवहारावर चालली होती. म्हणजे कायद्याच्या नजरेत करार झालाच नाही. मग अपात्रता कसली?

हा युक्तिवाद मान्य झाला असता, तर जसानींची खासदारकी वाचली असती. पण मग साध्या पत्रावर सरकारला माल देणारा देशातला प्रत्येक माणूस उघड्यावर पडला असता. पैसे मागायला गेला की सरकार म्हणालं असतं, करार कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. हे नागपूरचेच. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू, नागपूरच्या लॉ कॉलेजचे माजी प्राचार्य, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. रोजची किरकोळ खरेदी करणाऱ्या शेकडो सरकारी अधिकाऱ्यांनी प्रत्येक वेळी राष्ट्रपतींच्या नावाचा दस्त करायचा, हे चालणारच नाही, असं त्यांनी म्हटलं. नमुन्यात न बसणारा करार मुळातच शून्य नसतो, सरकार त्याला मागाहून मान्यता देऊ शकतं. अधिकार असलेल्या माणसाशी प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्याचं कागदातल्या त्रुटीमुळे नुकसान होऊ नये, आणि अशा वेळी सरकार आपली जबाबदारी स्वीकारेलच, असा भरवसा त्यांनी व्यक्त केला.

जसानी अपात्र ठरले. याच प्रकरणात दुसराही मुद्दा होता. राखीव जागेसाठी अर्ज भरलेले गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेले, म्हणजे ते महार राहिले नाहीत, असं म्हणून त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. तो चुकीने फेटाळला, असं न्यायालयाने ठरवलं आणि सगळी निवडणूकच रद्द झाली. मे १९५४ मध्ये जी पोटनिवडणूक झाली, तीच ती भंडाऱ्याची प्रसिद्ध पोटनिवडणूक : सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता जिंकले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. या निवडणुकीवर आपल्याकडे खूप लिहिलं गेलंय. ती ज्या बिडीच्या खटल्यातून आली, त्याची आठवण मात्र वकिलांपुरतीच राहिली.

बोस यांचा भरवसा पुढे पूर्ण टिकला नाही. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालय पुन्हा कडक झालं : नमुना पाळलेला नसेल तर करार नाहीच. पण त्याच सुमारास बंगालमधल्या एका कंत्राटदाराच्या खटल्यात दुसरी वाट निघाली. बी. के. मंडल यांच्या पेढीने १९४४ मध्ये आरामबागला नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामं बांधून दिली होती. सरकार म्हणालं, रीतसर करार नाही. न्यायालयाने करार कायद्याचं कलम ७० पुढे केलं : करार नसेना का, तुम्ही गोदामं वापरली ना? मग त्यांचे पैसे द्या. जो फायदा घेतो, त्याने मोल चुकवावं.

घोड्याचा मालक, बिडीचा पुरवठादार, गोदामाचा कंत्राटदार. एकेक करून सरकारच्या तिजोरीपर्यंत जाणारी वाट रुंद होत गेली. ती ज्यांच्यासाठी रुंद झाली, ते सगळे व्यापारी होते, हे इथे लक्षात ठेवू.

गिरणी कामगाराचं कोर्ट

भंडाऱ्याचा निकाल लागला त्याच वर्षी, ११ जुलै १९५४ रोजी, नागपुरात कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. आपण जिला ईएसआय म्हणतो, तीच. आजच्या महाराष्ट्रात ती सगळ्यात आधी नागपूरला आली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि एम्प्रेस मिलचा भोंगा शहराचं घड्याळ होतं.

या योजनेमागे १९४८ चा कायदा होता. त्या कायद्यात तीन गोष्टी होत्या. एक, कामगाराच्या पगारातून आणि मालकाकडून वर्गणी घेऊन वेगळा निधी उभारायचा. सरकारच्या दरवर्षीच्या बजेटच्या भरवशावर राहायचं नाही. दोन, तो निधी सांभाळायला स्वतंत्र महामंडळ, ज्याच्यावर दावा लावता येतो. आणि तीन, कामगार विमा न्यायालय. लाभ मिळायला हवा होता की नाही, किती मिळायला हवा होता, यावरून वाद झाला तर विमेदार कामगार स्वतः तिथे जाऊ शकतो.

ईएसआयच्या दवाखान्यांबद्दलच्या तक्रारी कुणाला सांगायला नकोत. पण कागदावर का होईना, आजारी माणूस हा त्या कायद्यात हक्कदार होता. त्याच्या नावाने निधी होता आणि त्याच्यासाठी दार होतं.

हप्ता आधी, बिल नंतर

आता आपली योजना. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू झाली, तो समारंभ सोनिया गांधींच्या हस्ते नागपुरातच झाला. ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि महिन्याभरातच कोविडमुळे ती राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली करण्याची घोषणा झाली. जुलै २०२४ पासून संरक्षण पाच लाखांचं झालं.

पैसा कसा फिरत आला, ते पाहा. सरकार प्रत्येक कुटुंबामागे विमा कंपनीला हप्ता भरत आलं. सुरुवातीला तो ३३३ रुपये होता, २०२० मध्ये ७९७ झाला. रुग्ण अंगीकृत रुग्णालयात जातो, आरोग्यमित्र कागद पाहतो, मंजुरी येते, शस्त्रक्रिया होते. रुग्णालय बिल पाठवतं, ते तपासलं जातं, मग पैसे येतात. २०२० च्या रचनेत दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर होता आणि त्याच्यावरचा, पाच लाखांपर्यंतचा, थेट सरकारच्या आरोग्य हमी सोसायटीवर.

अमेरिकेतल्या आणि आपल्या गोष्टीतला फरक इथे आहे. आपल्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीने जोखीम घेऊ नये. म्हणजे कंपनी आधी पैसे घेते. अमेरिकेतल्या कंपन्यांना भरपाई वर्ष संपल्यावर मिळायची होती, म्हणून येणेकरी त्या ठरल्या. आपल्याकडे काम आधी आणि पैसे नंतर, ही जागा रुग्णालयाची आहे.

दुसरं कारण मालकीचं. आधी नॅशनल इन्शुरन्स, २०२० पासून युनायटेड इंडिया : दोन्ही केंद्र सरकारच्या कंपन्या. केंद्राच्या कंपनीने सरकारी खात्याविरुद्ध कोर्टात जायचं, तर आधी वरिष्ठ समितीची परवानगी घ्यावी लागे. १९९१ पासूनची ही रीत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. नियम गेला, पण सरकारच्या एका खिशाने दुसऱ्या खिशावर दावा लावण्याची सवय काही लागली नाही.

मग उरलं रुग्णालय. त्याला कोर्टात जाता येतं, आणि कधीकधी ते जातंही. सप्टेंबर २०२४ मध्ये आयुष्मानच्या थकलेल्या बिलांवरून पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने पंजाबच्या आरोग्य खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार रोखायचा आदेश दिला. पण कोर्टापेक्षा झटपट हत्यार दुसरं आहे. ७ ऑगस्ट २०२५ पासून हरियाणातल्या शेकडो खासगी रुग्णालयांनी आयुष्मानचे रुग्ण घेणंच थांबवलं. सुमारे ५०० कोटी रुपये थकल्याचं डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं.

रुग्णालयाची बाजू खोटी नाही. वीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला नर्सचा पगार, स्टेंटचे पैसे, विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं. सरकारी बिल सहा महिने अडकलं तर तो कर्ज काढेल, नाहीतर योजनेतून बाहेर पडेल. पण दार बंद झालं की बाहेर उभा राहतो तो कार्ड हातात धरलेला माणूस. सरकार आणि रुग्णालय यांच्यातल्या हिशेबाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. ‘सध्या योजनेत घेत नाही, पैसे भरा’ एवढंच त्याच्या कानावर येतं.

पैसे नाहीत, हे उत्तर नाही

या माणसाच्या बाजूने आपल्याकडे काहीच नाही, असं नाही. १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवलं, शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि स्पष्ट केलं की वैद्यकीय मदत देण्याच्या घटनात्मक जबाबदारीतून पैशाच्या अडचणीचं कारण सांगून सरकारला सुटता येणार नाही. म्हणजे अमेरिकेच्या न्यायालयाने विमा कंपन्यांसाठी २०२० मध्ये जे म्हटलं, त्याच्या जवळचं तत्त्व आपल्या न्यायालयाने एका शेतमजुरासाठी चोवीस वर्षं आधी सांगितलं होतं.

पण तत्त्व असणं वेगळं आणि दार असणं वेगळं. जीवनदायीपासून आजपर्यंतची आपली योजना चालते ती शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर. जीआर एका सहीने येतो, दुसऱ्या सहीने बदलतो. उपचार यादीतून गेला, रुग्णालय अंगीकृत राहिलं नाही, मंजुरी अडली, तर रुग्णाकडे १५५३८८ हा क्रमांक असतो आणि तक्रार समिती असते. ग्राहक आयोग आहे, उच्च न्यायालयात रिट आहे. पण आयसीयूबाहेर बसलेलं कुटुंब सिव्हिल लाइन्समध्ये वकील शोधत फिरत नाही. ते सोनं गहाण ठेवतं.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांचा एक प्रमुख प्रश्न होता : तातडीच्या उपचारांचे पैसे सरकार देणार म्हणतं, पण ते नेमके कधी आणि कसे मिळणार? प्रश्न रास्त होता. रुग्णाला हक्क द्यायचा, तर त्यामागे निधीही ठेवावा लागतो, नाहीतर त्या हक्काचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर फाटतं. १९४८ च्या कायद्याने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या.

१९५४ मध्ये एम्प्रेस मिलमधला कामगार महिन्याला थोडे पैसे भरत होता आणि त्याबदल्यात कायद्याने त्याला निधी दिला, महामंडळ दिलं, न्यायालय दिलं. आज त्याच शहरातल्या त्याच्या नातवंडांच्या मोबाइलमध्ये पाच लाखांचं कार्ड आहे. रक्कम नक्कीच मोठी आहे. पण ती मिळाली नाही तर दाद मागायला आजोबांकडे जे होतं, ते नातवंडांकडे नाही. जीआरच्या जागी कायदा आणि कायद्यात रुग्णाला दाद मागण्याची जागा, ही मागणी नवी नाही. नागपुरात ती सत्तर वर्षांपूर्वी एकदा मान्य झालेली आहे.